गट्टूवाल्याच्या विहीणबाई

अख्ख्या वऱ्हाडात आमच्या विहीणबाईंइतकं रागावणं कुणालाही जमत नाही, हे मी त्यांचा व्याही असून, म्हणजे त्या रागाचा वर्षानुवर्षांचा मानकरी असून सांगतो. इतरांना राग येतो तो कशाचा तरी येतो आणि मग उतरतो. विहीणबाईंचा राग सकाळी त्यांच्याही आधी उठून बसलेला असतो, तो कुणावर काढायचा एवढंच दिवसभरात ठरायचं असतं. अकोल्याला त्यांच्या ले-आउटमधला, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीतला, पेपरवाला त्यांच्या फाटकापाशी आला की सायकलची घंटीसुद्धा वाजवत नाही. आता कुणी म्हणेल, अशा खाष्ट बाईच्या घरात तुम्ही मुलगी दिलीच कशी? तर सुनेवर त्या आजवर एकदाही रागावलेल्या नाहीत. सुनेवर नाही, कामवालीवर नाही, रोज चप्पल पळवणाऱ्या शेजारच्या कुत्र्यावर तर नाहीच. त्यांचा सगळा राग सिमेंटवर आहे. आणि मी अमरावतीला राजापेठेत गेली तीस वर्षं फरशी, टाइल्स आणि गट्टू विकतो. गट्टू म्हणजे अंगणात, फुटपाथवर, देवळासमोर एकमेकांत दात अडकवून बसवतात ते सिमेंटचे ठोकळे. माझं घर त्यांच्यावर उभं आहे, माझ्या मुलीचं शिक्षण त्यांच्यावर झालं, आणि तिची सासू मात्र गट्टू दिसला की रस्त्यात पिंक पडलेली दिसावी तसं तोंड करते.

पहिली भेट झाली ती मुलगी पाहायच्या कार्यक्रमात. पोहे झाले, चहा झाला, मुलगी येऊन बसली. विहीणबाईंनी तिच्याकडे धड पाहिलंही नाही. माझ्या बायकोला म्हणाल्या, "पोरगी कुठी पयून नाही जात. मले घराची मांगची बाजू दाखवा." बायकोला वाटलं यांना मोरीकडे जायचं असेल, म्हणून तिने अदबीने दाखवून दिलं. बाई मोरी ओलांडून थेट मागच्या अंगणात. तिथे मी स्वतः निवडलेली, न घसरणारी, दुकानातली सगळ्यात भारी फरशी भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलेली. त्यांनी ती पायाच्या अंगठ्याने दाबून पाहिली आणि विचारलं, "इथी पानी पडलं का कुठी जाते?" मी अभिमानाने म्हटलं, "सरळ नालीत. एक थेंब थांबत नाही." त्या म्हणाल्या, "अन् मुंगी कुठी जाते?" इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांनी मला घसरण विचारली, रंग विचारला, वजन पेलेल का ते विचारलं. मुंगीचं कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं गंमत करताहेत, म्हणून मी हसलो. बाई हसल्या नाहीत. तेवढ्यात आमची मुलगी आतून म्हणाली, "मावशी, आमची मुंगी साखरेच्या डब्यात जाते." विहीणबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. सोयरीक तिथेच पक्की झाली. जाताना मुलाला म्हणाल्या, "पोरगी हुशार हाये. तिच्या बापाले मात्र कधी तरी माती दाखवा लागन."

लग्नात तर त्यांनी कहरच केला. मंगल कार्यालयवाल्याने दारापासून स्टेजपर्यंत हिरवंगार प्लास्टिकचं गवत अंथरलं होतं. वरमाई गाडीतून उतरल्या, खाली पाहिलं, आणि गाडीत परत जाऊन बसल्या. आमच्याकडच्या बायांना वाटलं रुसवा धरला. वरमाईचा रुसवा काढायचा म्हणून माझ्या बायकोने दोन साड्या आणल्या, माझ्या बहिणीने चांदीची वाटी आणली, नाकदुऱ्या काढून झाल्या. बाई म्हणाल्या, "मले काही नको. ते गवत उचला. गाय बी तोंड नाही लावनार त्याले, मी कायले पाय लावू?" अर्धा तास मुहूर्त थांबला. मी, माझे दोन भाऊ आणि फेटे बांधलेले चार पाहुणे असे आम्ही ते गवत गुंडाळत होतो. मला इतका संताप आला होता की अक्षता मी टाकल्या नाहीत, मुठीने फेकल्या. आज आठवलं की हसू येतं, पण तेव्हाचा राग खरा होता, तो मी खोटा सांगणार नाही.

विहीणबाई मूळच्या चांदूर बाजारच्या माळ्याची लेक. माहेरी भाजीचं वावर, गुलाबाचे ताटवे, विहीर. तिथून लग्न होऊन अकोल्याच्या एका नव्या ले-आउटमध्ये आल्या. बाकीच्या बाया शहरात आल्या की शहरी होतात, यांनी शहरालाच फैलावर घेतलं. त्यांची मागणी मोठी नव्हती. बाग मागत नव्हत्या, उद्यान मागत नव्हत्या. दारोदार जाऊन एकच सांगायच्या, "भिताडापाशी एक हात माती सोडा. खुरपू नका, झाडू नका, पाला उचलू नका. बाकी ते आपापलं पाहून घेतेत." कुणी विचारलं, ते म्हणजे कोण, तर म्हणायच्या, "ज्याले पाह्यजे ते." सांगण्याची पद्धत मात्र अशी, की समोरच्याला उपदेश ऐकतोय की शिव्या खातोय ते कळू नये. कुणाच्या वास्तुपूजनाला गेल्या की आधी घराला बाहेरून एक फेरी मारायच्या आणि भर पंगतीत यजमानाला म्हणायच्या, "घर चांगलं बांधलं. सरड्याले जागा नाही ठेवली, पालीले नाही, चिमनीले नाही. एकटेच राहाल का येवढ्या घरात?" यजमानाने हसून आग्रह करावा तर बाई ताटावरून उठून जायची भीती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बाया प्लास्टिकच्या डब्या वाटतात. विहीणबाईंनी एका वर्षी कडीपत्त्याची रोपं वाटली, आणि प्रत्येक रोपावर फुलपाखराच्या दोन-दोन अळ्या. एक बाई किंचाळली. विहीणबाई म्हणाल्या, "वाण हाये ते. अळी सुदीक मोजून देल्ली." वाण दिलं की काम संपलं असंही नाही. महिन्याभराने त्या तपासणीला निघाल्या. एकीने रोप गच्चीवर जपलं होतं पण त्यावर फवारा मारला होता. "पानं खाऊन राहिली होती ना," ती बिचारी म्हणाली. "मंग खायासाठीच तं देल्ली होती," म्हणत विहीणबाईंनी कुंडीतून रोप उपटून पदराखाली घातलं आणि घरी घेऊन आल्या. त्या घरचा चहा त्यांनी आजतागायत घेतलेला नाही. पण आठ-दहा घरांनी खरंच हातभर माती सोडली, हेही सांगायला हवं. एका निवृत्त तलाठ्याच्या भिंतीपाशी मुंगसाने बिऱ्हाड केलं, आणि तो तलाठी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला मुंगसाची पिल्लं दाखवत सुटतो, जणू स्वतःचीच नातवंडं.

मला त्यांचा राग यायचा तो वेगळ्याच कारणाने. त्या बोलत होत्या ते मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? माझ्या दुकानात माणूस येतो, नमुना हातात घेतो, उलटसुलट करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "फटीतून गवत तर नाही ना येणार?" चोराची वाटत नाही एवढी या लोकांना गवताची भीती. कडुलिंबाखाली बसायला आवडतं, त्याचा पाला पडलेला चालत नाही. मुळापर्यंत गट्टू ठोकून घेतात, मग झाड वाळलं की म्हणतात कीड लागली. अंगणातलं सगळं पाणी नालीत घालवतात, मग बोअर आटली की सरकारला शिव्या देतात. सकाळी मोबाइलवर पोपटाचा फोटो पाठवून सुप्रभात म्हणायचं आणि दुपारी माझ्याकडे येऊन पोपट ज्यावर बसतो ते झाड पाडून किती गट्टू लागतील ते विचारायचं. मी हे सगळं तीस वर्षं पाहत होतो, मनातल्या मनात चिडत होतो आणि तोंडाने म्हणत होतो, "साहेब, एक काडी नाही उगवणार, माझी गॅरंटी." मग विहीणबाई यायच्या आणि तेच मोठ्याने बोलायच्या. माणसाला आपलं बिंग दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आवडत नाही.

माझ्या लेकीला घेऊन त्या अमरावतीला आल्या की हमखास दुकानात येऊन बसायच्या. मी गल्ल्यावर, त्या समोरच्या खुर्चीवर, आणि मध्ये गिऱ्हाईक. "गाडीले गट्टू पाह्यजे का तुमाले?" त्या गिऱ्हाइकाला विचारायच्या. तो म्हणायचा, गाडीसाठीच. "मंग गाडीले चाकं चार. दोन पट्टे टाका, बाकी जागा कायले मारता?" गिऱ्हाईक माझ्याकडे पाहायचं, मी छताकडे पाहायचो, आणि शेवटी निम्म्या मालावर सौदा व्हायचा. एकदा मी हात जोडले. म्हटलं, "विहीणबाई, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय." त्या शांतपणे म्हणाल्या, "इवाई, मी तुमचं नुसकान नाही करून राहिली. तुमच्या पापाची गठडी हलकी करून राहिली." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. तो शब्द त्यांच्या तोंडून आला की मला शाळेत नाव पुकारून उभं केल्यासारखं वाटायचं.

त्यांचं स्वतःचं अंगण म्हणजे काळ्या मातीचा चौकोन. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल, आणि बाराही महिने काहीतरी उगवलेलं, ज्याला नाव विचारलं तर त्या म्हणायच्या, "हाये ते." या अंगणाच्या एका कोपऱ्यात, धुण्याच्या दगडापाशी, कुणाला पाय ठेवायची मुभा नव्हती. तिथे खाट टाकायची नाही, गाडी लावायची नाही, झाडू मारायचा नाही. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी घरातलं उरलंसुरलं पाणी त्या स्वतः तिथे ओतायच्या. का, म्हणून मी एकदा विचारलं. "विचारायचं काम नाही," एवढंच उत्तर मिळालं. अळ्या मोजून सांगणारी ही बाई, मुंगसाचा पत्ता अख्ख्या ले-आउटला देणारी ही बाई, या कोपऱ्याबद्दल मात्र अवाक्षर काढत नव्हती. मुलीला विचारलं तर तीही म्हणाली, "आईंचं काहीतरी असते बाबा, तुम्ही नका डोकं लावू." मी नाही लावलं.

या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला बोलवायचं, अनारसे करायचे, वाण द्यायचं. जावईबापू स्वभावाने गरीब, आईच्या शब्दाबाहेर नाहीत. पण नवी गाडी घेतली होती, आणि गेल्या पावसाळ्यात ती अंगणात रुतून बसलेली चौघांनी ढकलून काढली होती. जेवताना हळूच म्हणाले, "मामाजी, तुमच्यासारख्या माणसाचा जावई अन् माह्या घरी चिखल." मला तेवढंच हवं होतं. मी ठरवलं, यंदाचं वाण म्हणजे अंगणभर गट्टू. खोटं कशाला बोलू, त्यात जावयाचं कौतुक होतं तेवढीच खुन्नसही होती. इतकी वर्षं माझ्या दुकानात बसून ज्यांनी माझा माल नाकारला, त्यांच्याच दारात तो बसवायचा, आणि तोही आहेर म्हणून. आहेर परत करता येत नाही. धोंड्याचं वाण तर नाहीच नाही. मी मनातल्या मनात या डावावर भयंकर खूश होतो.

विहीणबाई चांदूर बाजारला भावाकडे आमरसाच्या पाहुणचाराला आठ दिवस गेल्या, तशी मी गाडी भरली. लाल आणि करडा, दुकानातला एक नंबर माल. सोबत दोन कारागीर आणि मी स्वतः. वीतभर माती खोदून बाहेर टाकली, मुरूम पसरला, वर दगडाची बारीक चुरी पसरली. मग धुमस. हे लोखंडी, जडशीळ ठोकणं दोन्ही हातांनी उचलायचं आणि जमिनीवर आपटायचं, खालची माती दगडासारखी होईपर्यंत. धुण्याच्या दगडाजवळचा तो कोपरा ओलसर होता, भुसभुशीत लागत होता. कारागीर म्हणाला, "सेठ, इथी बसक येईन," म्हणजे जमीन खचून गट्टू खाली बसतील. मी त्याच्या हातातून धुमस घेतलं आणि त्या कोपऱ्यात मी स्वतः, घाम गळेपर्यंत, अर्धा तास मारलं. तिसऱ्या दिवशी अंगण आरशासारखं झालं. गल्लीतली माणसं येऊन पाहून गेली, दोघांनी दुकानाचा पत्ता घेतला. मुलगी मात्र दारातच उभी राहिली, अंगणात उतरली नाही. मला वाटलं सासूला घाबरते आहे.

आठवड्याने विहीणबाई परतल्या आणि मुलीचा फोन आला. "बाबा, लवकर या. आई सकाळपासून अंगण खोदून राहिल्या. कोणाचंच ऐकत नाहीत." मी दुकान टाकून बस पकडली. बडनेरा, मूर्तिजापूर, खिडकीतून भट्टीसारखी हवा, आणि मी वाटभर भाषण तयार करतोय. मुलीचा बाप असलो म्हणून किती ऐकून घ्यायचं. लग्नात गवत गुंडाळलं, दुकानात तोंड बंद ठेवलं, आता दिलेला आहेर भर गल्लीत उपटला जातोय. फाटकापाशी पोचलो तेव्हा शेजारपाजार जमला होता. जावईबापू कामावर होते. भर उन्हात विहीणबाई, पदर खोचलेला, हातात सब्बल म्हणजे लोखंडी पहार, त्या कोपऱ्यात गट्टूवर गट्टू फोडत होत्या. निघत एकही नव्हता, नुसते तुकडे उडत होते. हाताला फोड येऊन फुटले होते. आठवडाभर दाबलेलं मुलीच्या चेहऱ्यावरचं रडू मला पाहून बाहेर आलं.

मी म्हटलं, "विहीणबाई, हे धोंड्याचं वाण आहे. हे उपटणं म्हणजे माझ्या तोंडावर फेकणं आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "तोंडावर फेकाचं असतं तं अमरावतीले आली असती. सरका."

"असं काय पुरलंय तिथं? सोनं?"

सब्बल थांबली. त्यांनी फाटकाशी उभ्या माणसांकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या हळू बोलल्या की पहिल्यांदा मला ऐकूच आलं नाही. "बेडूक हायेत खाली."

फाटकापाशी कुणीतरी हसलं. खरं सांगतो, मीही हसणार होतो. शंभर किलोमीटर आपण उन्हात कशासाठी आलो, तर बेडकांसाठी. पण विहीणबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसलो नाही. "म्हून सांगत नव्हती कोनाले," त्या म्हणाल्या. "बेडूक म्हनलं का लोकं म्हन्तेत साप येईन, अन् मीठ टाकतेत, फिनाइल टाकतेत. त्या पलीकडच्यानं टाकलं होतं. सबन मेले तिथचे. हे ले-आउट पडलं त्याच्या आंधीपासून ते हायेत इथी, वावर होतं तवापासून. जिथी जिथी आंगनं झाकली तिथचे सरले. हे राह्यले होते येवढे, या कोपऱ्यात. उन्हाळाभर खाली निजतेत. मृग लागला का वर येतेत." मग म्हणाल्या, "मृगाले आता किती दिवस राह्यले, सांगा बरं इवाई?"

त्या खाली वाकून मुरमावरून हात फिरवत होत्या. "दुसरीकडे येवढं घट्ट नाही बसलं. इथीच काहून असं? इथी धुमस कोनं मारलं?"

कारागिराचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. तो अमरावतीला होता, त्याला कळलंही नसतं. मी म्हटलं, "मी."

मी वाट पाहत होतो. आजवर ऐकलं नाही असं काहीतरी आता ऐकायला मिळणार, आणि ते मी ऐकून घेणार होतो, कारण माझी लायकी तीच होती. विहीणबाई माझ्याकडे पाहत राहिल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. मी त्यांच्या हातातून सब्बल घेतली. गट्टू मधोमध फोडून निघत नाहीत, त्याची कड शोधावी लागते. भिंतीकडचा एक ढिला केला की पुढचे नुसत्या हाताने उचलता येतात. हे मला ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत मी लाखांनी बसवले असतील, काढला एकही नव्हता. मुलगी एकेक गट्टू उचलून फाटकाबाहेर रचत होती. जावईबापू संध्याकाळी आले, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पँट दुमडली आणि मुरमाची घमेली उचलायला लागले. नव्या गाडीबद्दल ते त्या दिवसापासून एक शब्द बोललेले नाहीत.

मुरूम निघाल्यावर सब्बल बाजूला ठेवली. खालची माती खुरप्याने, मग चमच्याने, मग बोटांनी. मी दोन दिवस मुक्काम केला. विहीणबाई शेजारी बसून एवढंच म्हणायच्या, "हळू." दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला सापडला. तळहाताएवढा, चपटा झालेला. त्यानंतर अजून दोन तसेच. त्यांनी ते पदरात घेतले आणि मागे कडुलिंबाखाली पुरून आल्या. दुपारी बरंच खाली एक सापडला, मातीच्याच रंगाचा, डोळे मिटलेला. त्याचं गळ्याखालचं कातडं हलत होतं. आम्ही चौघं किती वेळ ते पाहत होतो कुणास ठाऊक. मग विहीणबाईंनी त्याच्यावर मूठ-मूठ माती पुन्हा लोटली आणि वर तांब्याभर पाणी शिंपडलं. मी म्हटलं, "बाकीचे आणखी खोल गेले असतील. खाली धक्का पोचत नाही." त्यांनी मान डोलावली, पण ती माझी समजूत काढायला डोलावली होती.

तेव्हापासून त्या माझ्यावर रागावत नाहीत. हे ऐकायला सोपं वाटतं. मधे एकदा दुकानात आल्या, त्याच खुर्चीवर बसल्या. एका गिऱ्हाइकाने घराभोवतीचा सगळा मोकळा भाग, भिंतीपासून भिंतीपर्यंत, झाकायचा म्हणून माल सांगितला. मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या रस्त्याकडे पाहत होत्या. शेवटी मीच म्हटलं, "साहेब, भिंतीपाशी एक हात माती सोडा." तो म्हणाला, तुम्ही माल विकता की अडवता? मी म्हटलं, "मग दुसरीकडे जा. पण लक्षात ठेवा, खाली कोण निजलंय ते न विचारता तुम्ही झाकताय." तो माणूस मला वेडा समजून शेजारच्या दुकानात गेला, आणि मी ओट्यावर येऊन त्याच्या पाठीमागे आणखी बरंच काही बोललो. तीन दुकानं बाहेर येऊन पाहत होती. आत आलो तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "बसा इवाई. पानी प्या." इतक्या मऊ आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या, आणि मला ते सहन झालं नाही. आता असं रोज एखादं भांडण होतं. कुणी ऐकतं, कुणी जातं. ले-आउटमध्ये मात्र त्या दिवशी फाटकापाशी उभ्या असलेल्यांपैकी तीन घरांनी भिंतीकडची गट्टूंची एक ओळ काढून टाकली. त्यातला एक तो हसलेला. मीच जाऊन काढून दिल्या.

मृग लागला, पाऊस पडला, आठवडा गेला. मी अकोल्याला फोन केला नाही. हिंमतच होत नव्हती. मग परवा दुपारी तीनच्या सुमारास दुकानात असताना विहीणबाईंचा फोन आला. त्या मला कधीच फोन करत नाहीत, करायचा तर लेकीच्या मार्फत. "इवाई, आयका," म्हणाल्या, आणि त्यांनी फोन बहुधा अंगणाकडे धरला. मी दुकानातला पंखा बंद केला. आधी नुसती सरसर ऐकू आली. मग एक आवाज, जाड, घोगरा, पोटातून आलेला. थांबला. पुन्हा आला.

"आला वर," मी म्हटलं.

"हाव. सकायपासून बोलून राहिला." त्या थांबल्या. "दर वर्षी दहा-बारा राह्यत. एक बोलला का दुसरा बोले, मंग सबन एकदम. घरात टीव्ही आयकू येत नोता. तुमचे जावई खिडक्या लावून घेत." पुन्हा तो आवाज आला आणि थांबला. "याले कोनी वापस बोलून नाही राहिलं."

मला वाटत होतं आता तरी त्यांनी मला बोलावं. गट्टूवाला म्हणावं, पापी म्हणावं, भर गल्लीत नाव घेऊन उभं करावं. मी म्हटलं, "विहीणबाई, मला बोला ना काहीतरी." त्या म्हणाल्या, "आता काय बोलू?" आणि फोन बंद न करता तसाच धरून ठेवला. आम्ही दोघं ऐकत राहिलो. तो हाक मारायचा, थांबायचा, बराच वेळ थांबायचा, आणि पुन्हा मारायचा. समोर एक गिऱ्हाईक नमुन्याचा गट्टू हातात घेऊन कधीचं उभं होतं. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहून नमुना हळूच खाली ठेवला आणि विचारलं, "कोनी गेलं का, भाऊ?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच सांगता आलं नाही. तो बिचारा थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. मी फोन कानाला लावून बसलो होतो.